आप्पानं चष्मा काढला, त्यापुढची पाच मिनिटं

आक्का, विलास, गल्लीतल्या समद्या बायांनो, थोर मंडळींनो.

मला बोलता येत न्हाई असं न्हाई. बोलता लय येतं, हे तुमाला ठावं हाय. पण आज जे बोलायचंय, ते दुःख हाय का राग, तेच सकाळपासनं उमगंना झालंय. म्हणून थोडं सांभाळून घ्या.

मी कागदावर लिहून आणलं व्हतं. नातीकडनं तपासून घेतलं व्हतं. 'कैलासवासी सुभेदार आबा हे आमच्या गल्लीचे आधारस्तंभ होते.' असं शुद्ध भाषेत, पानभर. वाचायला उभी राहिले आणि समोर हा हार घातलेला फोटो. मिशीच्या आडनं हसतोय माणूस. शुद्ध बोलले असते तर फोटोतनं म्हणले असते, 'शालन, कुणाच्या घरचं बोलतीस गं?' म्हणून कागद घडी घालून ठेवला.

आता खरं सांगते. मी इथं रडायला आले न्हाई. माझ्याआधी चौघं बोलले. समद्यांनी चांगलंच सांगितलं. आबांनी मिलिटरीत वीस वर्षं काढली, खरं हाय. आबांनी विहिरीत पडलेली शेरडी काढली, खरं हाय. आत्ताच एकजण म्हणले, आबांनी रहिमतपुरात पहिला टीव्ही आणून गल्लीला जगाचं दार उघडून दिलं. टाळ्या वाजवायची जागा न्हाई, न्हाईतर तुमी वाजवल्या असत्या.

दार उघडलं. व्हय, उघडलं. आणि आमचं बोट फटीत असताना लावलं. ते कुणीच बोललं न्हाई. ते मी बोलणार हाय.

आक्का, तुमी मान खाली घालू नका. आबांच्या मालकीण हायत त्या, आणि त्यांनीच मला परवा हाताला धरून सांगितलं, 'शालन, बाकीचे समदे गोड बोलतील. तू तेवढं खरं बोल. त्यांना तुझंच ऐकायचं असंल.' मी इच्यारलं, 'आक्का, राग आला तर?' त्या म्हणल्या, 'मेलेल्या माणसाला काय राग येतोय? आणि मला आला तर मी तुझ्याकडं यायची बंद व्हईन, दोन दिस.' आता आक्कांनीच परवानगी दिली म्हटल्यावर मला कोण अडवतंय?

जे नवीन हायत, ज्यांचा तवा जन्म न्हवता, त्यांच्यासाठी आधी सांगते.

ती सत्तरची सालं. आबा सुभेदार म्हणून रिटायर होऊन गावी आले. येताना पुण्यातनं टीव्ही आणला. लाकडी पेटी, चार पाय, पुढं सरकतं शटर. मारुतीच्या देवळातल्यासारखं ते शटर उघडायचं आणि आमी हात जोडायचं तेवढं बाकी ठेवायचो. गावात दुसरा सेट न्हवता. पुण्याकडचा टॉवर धरायचा म्हणून माडीवर लोखंडी पाइप उभा केला, त्यावर अँटिना. वारं सुटलं की तोंड फिरायचं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग आबा माडीवर आणि आक्का खिडकीत. 'आलं का?' 'न्हाई!' 'आता?' 'आवं, मगाशी आलं व्हतं, आता गेलं!' तो पाइप आबा बंदुकीसारखा धरायचे.

आणि शनिवारी सांजच्याला सात वाजता 'आप्पांचं बिऱ्हाड'.

बघा, नुसतं नाव काढलं तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसल्या. मला ठावंच व्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, तरी नावानं हसू येतंय. काय व्हतं त्यात? काय बी न्हवतं. दोन खोल्या, एक झोपाळा. आप्पा म्हणजे सासरा, पेन्शनीतला कारकून. माई म्हणजे सासू. एक लेक, त्यो कायम बायकोच्या आणि आईच्या मधी सापडलेला. आणि ती सून. दर शनिवारी एकच भानगड. कधी पाहुणे येणार आणि घरात पीठ न्हाई. कधी आप्पांची कवळी हरवली आणि ती माईंच्याच बटव्यात. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. साठ-सत्तर माणसं ओसरीत, अंगणात, भिंतीवर. कुणाच्या मांडीवर कुणाचं प्वार हाय ते कळायचं न्हाई. आमच्यात बोलाचाली नसलेल्या दोन जावा त्या अर्ध्या तासापुरत्या एकाच पोत्यावर बसायच्या.

अर्धा तास म्हणले न्हवं मी? चुकलं. पंचवीस मिनिटं.

तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हता. रहिमतपुरात तो पंचवीस मिनिटांचा व्हता. का? तर पुण्याच्या दुकानदारानं आबांना सेट देताना सांगितलं, 'सुभेदारसाहेब, पंचवीस मिनिटं चालवा, मग पंधरा मिनिटं बंद ठेवा, गार होऊ द्या.' आता तुमी-आमी असतो तर काय केलं असतं? व्हय व्हय म्हणून सोडून दिलं असतं. पण ह्यो मिलिटरीचा माणूस! त्यांनी ते कागदावर लिवलं, शटरच्या आतल्या बाजूला चिकटवलं. '२५ मि. चालू. १५ मि. बंद.' खाली स्वतःची सही! दुकानदाराचं बोलणं, पण सही आबांची. हुकूम झाला त्यो.

सात वाजता बटण दाबायचं. मनगटावर ते मिलिटरीचं घड्याळ. आमी पडद्याकडं बघणार, आबा घड्याळाकडं. गोष्ट रंगात आलेली, आप्पांची चोरी आता पकडली जाणार, माई लाटणं घेऊन दारात. आणि आबा वरडायचे, 'टाइम!'

खट्.

चित्र आकसून मधी एक पांढरा ठिपका व्हायचं. आठवतोय का ठिपका? तो बारीक बारीक व्हत जायचा. आमी साठ माणसं त्या ठिपक्याकडं बघत बसायचो. जणू त्यात आप्पा, माई, सून समदी बसल्यात आणि आतनं काय तरी सांगत्यात. मग ठिपका बी जायचा. मग आबा म्हणायचे, 'चला. पुढच्या शनिवारी.'

दीड वर्षं. दीड वर्षं आमी एका बी गोष्टीचा शेवट बघितला न्हाई.

मी एकदा म्हणले, 'आबा, पाच मिनिटं उशिरा लावा की. सुरुवात जाऊ दे, शेवट बघू.' आबांनी तिथंच मतदान घेतलं. हात वर करायला लावले. समद्या सासवांनी सुरुवातीच्या बाजूनं मत दिलं, कारण सुरुवातीला माई झोपाळ्यावर बसून सुनेला हाका मारत्यात ते त्यांना बघायचं व्हतं! सुनांनी हातच वर केले न्हाईत, सासवा शेजारी बसलेल्या. आबा म्हणले, 'शेवट डोक्यानं काढता येतोय. सुरुवात न्हाई.' मतदान संपलं.

मग आमी डोक्यानं शेवट काढायचो. रव्वारी सकाळी नळावर. आमच्या आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शेवटात सून दर वेळी रडून माफी मागायची. कोपऱ्यावरच्या लीलाच्या शेवटात सासू शेणात घसरून पडायची. भांडणं व्हायची त्यावरनं. हंडे राहायचे बाजूला. खरं सांगू? लय मजा यायची. आज मी नातीबरोबर चकचकीत टीव्हीवर काय काय बघते, शेवट समदे दिसत्यात, एक बी लक्षात राहत न्हाई. ती मजा आबांमुळंच आली, हे मी नाकारत न्हाई. नळावरनं हसत घरी येणारी मीच व्हते.

पण एक शेवट डोक्यानं काढून चालणार न्हवता. तो माझा व्हता.

हे ऐका नीट. मी लग्नाआधी डी.एड. झालेली. लग्नानंतर दोन वर्षांनी मला शिक्षिकेची ऑर्डर आली. मसूरजवळच्या शाळेवर. सकाळची पॅसेंजर धरली की जाऊन येऊन करता आलं असतं. आमचे हे मिलिटरीत, लांब बर्फात. त्यांचं पत्र आलं, 'तात्या म्हणतील तसं.' तात्या म्हणजे माझे सासरे. आणि तात्यांचं काय? तात्या गप. आत्याबाई म्हणत, 'सून गाडीनं हिंडाया लागली तर भाकरी कोण थापणार?'

आता ह्याच महिन्यात टीव्हीवर काय चाललेलं? त्या सुनेला बी नोकरीचं पत्र आलेलं! दुसऱ्या गावात हपिसात. माई इरोधात, नवरा मधी सापडलेला, आणि आप्पा गप. माझ्या घरात आणि त्या पेटीत एकच गोष्ट. गल्लीतले लोक पडद्याकडं बघायचे आणि मग वळून माझ्याकडं बघायचे.

आणि तात्यांचा त्या आप्पावर लय जीव. आप्पा चमच्यानं आमटी प्याला, की तात्या दुसऱ्या दिशी चमचा मागायचे. एकदा आप्पानं माईला इच्यारलं, 'तुझं काय मत हाय?' तर तात्यांनी रव्वारी आत्याबाईंना तेच इच्यारलं. आत्याबाई घाबरून म्हणल्या, 'बरं वाटत न्हाई का तुमाला?' असे तात्या. भला माणूस. त्यांना निवाडा करता येत न्हवता, एवढंच.

शेवटचा भाग शनिवारी. माझी हजर व्हायची मुदत सोमवारी. आणि शुक्रवारी तात्या पारावर समद्यांदेखत म्हणले, 'उद्या आप्पा सुनेला जे सांगंल, तेच मी आमच्या शालनला सांगणार.' लोक हसले. मी हसले न्हाई. मला ठावं व्हतं, तात्या थट्टा करत न्हाईत.

शनिवारी दुपारी मी आबांकडं गेले. आक्का, तुमी चुलीपाशी व्हता. मी आबांच्या पाया पडले. म्हणले, 'आबा, आजच्या दिवस पाच मिनिटं जास्त चालू ठेवा. माझ्या जल्माचा प्रश्न हाय.' आबा म्हणले, 'पोरी, सेट जळला तर?' म्हणले, 'जळू दे.' आबांनी शटर उघडलं, आतल्या कागदावर बोट ठेवलं. 'हुकूम म्हणजे हुकूम.' मी म्हणले, 'आबा, हुकूम तुमचाच हाय की. खाली सही तुमची हाय.' तर म्हणले, 'म्हणूनच मोडता येत न्हाई.'

सांज झाली. एवढी गर्दी कधी झाली न्हवती. तात्या पुढं, पाटावर. मी दाराआड. पडद्यावर मुंग्या न्हाईत, वारं न्हाई, आरशासारखं चित्र. सून पत्र आप्पांच्या हातात देती. माई तोंड फिरवून बसती. आप्पा पत्र वाचतो. आप्पा मान वर करतो. चष्मा काढतो.

'टाइम!'

खट्.

त्या दिशी कुणी ठिपक्याकडं बघितलं न्हाई. समदे तात्यांकडं बघत व्हते. तात्यांनी पाटावर हात टेकला. मग उठले. म्हणले, 'आप्पानं चष्मा काढला. आप्पा चष्मा काढतो तवा न्हाईच म्हणतो.' आणि खरं व्हतं ते. दीड वर्षं आमी बघितलेलं. पाहुण्याला न्हाई म्हणायचं, चष्मा काढला. लेकाला सायकल न्हाई, चष्मा काढला. तात्या माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला. म्हणले, 'न्हाई, पोरी.'

सोमवारची पॅसेंजर गेली. आमच्या परसातनं तिची शिट्टी ऐकू येते. तवा बी येत व्हती.

तुमच्यातले कैकजण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवरनं? एवढीशी? तुमच्या ताटातली भाकरी कुणी पाच घास आधी उचलली तर तुमी काय म्हणाल?

मी त्याच दिशी मनात ठरवलं. सुभेदार, ह्याचं उट्टं काढल्याबिगर मी ऱ्हाणार न्हाई.

आणि देवानं मला संधी दिली, पंचमीला. माझी भैन कुसुम साताऱ्याला दिलेली. ती माहेरपणाला जाताना वाटेत माझ्याकडं उतरली. तिच्या शेजारी टीव्ही, त्यो पूर्ण अर्धा तास चालणारा. तिनं शेवटचा भाग बघितलेला, शेवटापातूर. तिनं मला सांगितलं. मी परसात धुणं वाळत घालत व्हते. ऐकलं आणि खाली बसले. हातातलं ओलं लुगडं मातीत.

कुणाला सांगितलं? कुणाला न्हाई. तात्यांना न्हाई, कारण मुदत गेलेली आणि त्या माणसानं मरंस्तवर जिवाला लावून घेतलं असतं. तात्यांवर माझा राग न्हवता. पण आबांना कुठनं तरी कळलं, की कुसुमनं शेवट बघितलाय आणि शालनला ठावं हाय.

आता मजा ऐका. आबांना सोताला शेवट ठावा न्हवता! बंद करणारा माणूस, त्याला बी आमच्याएवढंच दिसलेलं. आणि आप्पाचं येड आबांना आमच्यापरीस जास्त. त्यांनी पुण्याच्या साडूला पत्र घातलं, 'शेवटी आप्पा काय म्हणाला ते उलट टपाली कळवणे.' साडूनं उलट टपाली कळवलं, 'कुठला आप्पा?' ज्यांना रोज शेवट दिसतोय, त्यांना आठवत न्हाई.

मग आबा माझ्या दारात आले. मी मशीनवर ब्लाउज शिवत व्हते. आबा म्हणले, 'शालन, ऐकलं ते खरं का?' म्हणले, 'व्हय, खरं.' 'मग काय म्हणला गं आप्पा?' मी मशीनचं चाक थांबवलं. आबांच्या डोळ्यात बघितलं. म्हणले, 'आप्पानं चष्मा काढला...' आबा पुढं वाकले. मी म्हणले, 'टाइम!' आणि चाक फिरवलं.

काय गोड वाटलं म्हणून सांगू! तीळगुळ बी एवढा गोड लागला न्हाई कधी.

तवापासनं चालू झालं. दसऱ्याला सोनं द्यायला आले, 'शालन, आज तरी?' 'टाइम!' त्यांच्या लेकाच्या, विलासच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, मांडवात, 'सांग की गं.' 'टाइम!' आमचे हे वारले तवा बाराव्याला येऊन बसले, तवा मातुर इच्यारलं न्हाई. त्या दिशी मीच म्हणले, 'आबा, आज इच्यारत न्हाई का?' ते म्हणले, 'आज न्हाई.' आणि उठून गेले.

आणखी एक हाय. आक्कांना ठावं हाय, विलासला बी ठावं नसंल. त्याच साली दिवाळीच्या तोंडावर सेट बिघडला. साताऱ्यावरनं मेकॅनिक आला. मी ब्लाउज द्यायला आलेली, दारातच व्हते. त्यानं शटर सरकवलं, कागद वाचला आणि पोट धरून हसला. 'आवं सुभेदार, हे कुणी लिवलं? पंचवीस मिनिटं पहिल्या आठवड्यापुरतं असतंय. व्होल्टेज बघायला. सेट चार तास चालंल की!'

आबा असे उभे राहिले, जणू कुणी कानशिलात मारली. त्यांनी त्यो कागद काढला. चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. मग मी दिसले त्यांना. वीस वर्षं मिलिटरीत काढलेला माणूस, माझ्या नजरंला नजर देईना. म्हणले, 'शालन, हे भायेर काढू नगंस.' मी म्हणले, 'न्हाई काढत.' आणि न्हाई काढलं. आज काढतेय. कारण आज गल्लीनं ऐकायला पायजे, की दीड वर्षं आमचे शेवट ज्या हुकमानं गेले, तो हुकूम दुसऱ्या आठवड्यालाच संपलेला व्हता!

आता तुमी म्हणाल, बास कर शालन, झालं की उट्टं काढून. न्हाई. अजून माझं सांगायचं राहिलंय. आणि ते सांगायला मला लय जड जातंय.

मेकॅनिक येऊन गेल्यावर आठ-दहा महिन्यांनी आबा साताऱ्याला गेले आणि एक वर्तमानपत्र घेऊन आले. त्यात शिक्षिकांच्या भरतीची जाहिरात. लाल पेन्सिलीनं चौकट केलेली. म्हणले, 'शालन, अर्ज कर. तात्यांशी मी बोललोय. तात्या तयार हायत.' तात्या तयार हायत, असं म्हणले. मी काय केलं?

तुमी समदे आजपातूर समजता, शालनला परत ऑर्डर आली न्हाई. बिचारी शालन, आयुष्यभर मशीन चालवली. ऑर्डर कशी येणार? मी अर्जच केला न्हाई. मी तो पेपर आबांच्या समोर जमिनीवर पसरला, कात्री घेतली आणि त्यातनं ब्लाउज बेतायचा नमुना कापला. बरोबर लाल चौकटीतनं गळा काढला. आबा बघत उभे. मी म्हणले, 'आबा, माझा शेवट तुमी बंद केला. आता तुमच्या हातनं मला चालू करून घ्यायचा न्हाई.'

एवढा राग. कुणावर काढला मी? आबा घरी गेले, जेवले असतील. मशीन मी चालवली, चाळीस वर्षं. दोन गुडघे त्यात गेले.

तरी बी सांगते, मला राग गेला असं वाटत न्हाई. लोक म्हणत्यात, मरणापुढं राग राहत न्हाई. माझा राहिलाय. आत्ता बी हाय. फोटोकडं बघितलं की वर येतोय. खोटं कशाला बोलू?

मागल्या मंगळवारी कराडला दवाखान्यात गेले. आक्का म्हणल्या, 'तुझी आठवण काढत्यात.' आबा खाटेवर एवढेसे झालेले. ती मिशी तेवढी मोठी. मला बघून विलासला म्हणले, 'भायेर थांब रं जरा.' मग म्हणले, 'शालन, चूक झाली.'

चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग म्हणले, 'आता तरी सांग. आप्पा काय म्हणला?'

आवं, माझ्या व्हटावर आलं व्हतं ते. देवाशपथ सांगते, सांगायचंच म्हणून गेलेली मी. घरातनं ठरवून निघालेली. तोंड उघडलं. आणि ह्या मेल्या जिभेला चाळीस वर्षांची सवय. मी त्यांच्या मनगटाकडं बघितलं, त्या घड्याळाकडं, आणि म्हणले, 'टाइम, आबा. उद्या सांगते.'

आबा हसले. खोकला येईपातूर हसले. म्हणले, 'पक्की हायस. उद्या ये.'

बुधवारी सकाळच्या एस्टीनं गेले. डब्यात आबांना आवडती शेवयाची खीर. दवाखान्याच्या पायरीवर विलास बसलेला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि डबा तिथंच ठेवला.

माझं उट्टं निघालं. पुरं निघालं. त्यांनी माझी पाच मिनिटं घेतली, मी त्यांची घेतली. मी जिकले. कुणाला असं जिकायचं असंल तर माझ्याकडं या, मी शिकवते.

आज मात्र सांगणार हाय. आबा, ऐका. आणि गल्लीतल्या बायांनो, तुमी बी ऐका, तुमी बी एवढी वर्षं थांबलाय.

आप्पानं चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. आणि परत घातला. एवढंच! डोळं भरलेलं म्हणून काढला व्हता. मग उठला. पत्र सुनेच्या हातात दिलं आणि सैपाकघरात गेला. जन्मात कधी गेला न्हवता. फळीवर डब्यांची ओळ. एक डबा उघडला, बोट घातलं, चाटलं. सोडा! त्वांड वाकडं. दुसरा उघडला. हिंग! माई भायेरनं वरडत्यात, 'आवं काय करताय?' आणि आप्पा सुनेला म्हणतो, 'सूनबाई, सोमवारपासनं विचारायला तू नसशील. मिठाचा डबा कुठला, तेवढा दाखवून जा.'

संपलं. एवढाच शेवट व्हता.

तात्यांनी एवढं बघितलं असतं, तर रव्वारी सकाळी आमच्या सैपाकघरात येऊन डबे उघडले असते. मला ठावं हाय. चमचा मागणारा माणूस तो.

आबा, सांगितलं बघा. एक आठवडा उशीर झाला. तुमाला माफ केलं असं म्हणणार न्हाई, तुमाला खोटं आवडत न्हवतं. पण आता दसऱ्याला दारात येऊन कोण इच्यारणार मला? 'टाइम' कुणाला म्हणू मी?

आता उभं राहायचं. रीत दोन मिनिटांची हाय, मला ठावं हाय. दोन न्हाई. आपण पाच मिनिटं उभं राहायचं. आबांनी आपली घेतली ती पाच, आणि मी आबांची घेतली ती पाच. विलास, आबांचं घड्याळ तुझ्याच मनगटावर हाय न्हवं? काढ ते. इथं फोटोपुढं पालथं ठेव. कुणी बघायचं न्हाई त्याच्याकडं. आक्का बसत्यात तवा बसायचं, त्याआधी न्हाई.

उठा समदे. आबा, आज बटणापाशी कुणी न्हाई.